चौथ्या ओळीला काही नाही

घराच्या मागे पेरूची चोवीस झाडं होती आणि त्यांतलं एकही घरातल्या कुणाचं ऐकत नव्हतं. फळं लागायची, पण लिंबाएवढी. त्यांत बिया इतक्या की खाणाऱ्याने आधी आपल्या दातांचा विचार करावा. निम्मी तर पिकायच्या आधीच खाली पडलेली असायची. घरधन्यांनी निवृत्तीचं पहिलं वर्ष हे सगळं नुसतं बघण्यात घालवलं आणि दुसऱ्या वर्षी जाहीर केलं, की आता अंदाजपंचे काही चालणार नाही. आता प्रयोग होणार.

घरधनी म्हणजे बीकर. हे नाव शाळेतल्या मुलांनी ठेवलं होतं आणि ते शाळेबाहेर त्यांच्याही आधी पोचलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं सहायक होते. दुसऱ्यांचे प्रयोग मांडून द्यायचे, नंतर भांडी धुऊन ठेवायची आणि फुटलेल्या काचेचा जबाब द्यायचा. शाब्बासकी शिक्षकांना, ब्रश बीकरांना. तेव्हा निदान एक प्रयोग तरी आपल्या नावावर लागावा, अशी त्यांची इच्छा होती, आणि ती काही फार मोठी म्हणता येणार नाही.

तशी संधीही चालून आली. फळबागायतदार संघाच्या चाळीसच्या चाळीस सभासदांनी पुढच्या वर्षी मातीला एकाच पद्धतीचं सेंद्रिय खत घालायचं ठरवलं होतं. मात्र कुठलं घालायचं, यावर चाळीस मतं होती. "आधी कुणीतरी करून बघा," असं अध्यक्ष म्हणाले आणि बीकरांचा हात वर गेला. प्रयोग नीट झाला तर संघाचं 'माती सल्लागार' हे पद त्यांना मिळणार होतं. पद बिनपगारी, पण टेबल, खुर्ची आणि दारावर पाटी. पगाराची त्यांना हाव नव्हतीच. पाटीचं मात्र तसं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी आलेखाच्या कागदावरचा नकाशा टेबलावर पसरला.

"सहा-सहा झाडांच्या चार ओळी. पहिलीला गांडूळखत. दुसरीला शेणखत आणि लाकडाची राख. तिसरीला हाडांचा चुरा आणि समुद्री शेवाळाचा अर्क."

"आणि चौथीला?" आईने विचारलं. आईचं वय एकोणऐंशी, गुडघे त्याहून मोठे.

"चौथीला काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे नुसतं पाणी. ती तुलनेची ओळ. खताने किती फरक पडला, ते तिच्याकडे बघून कळणार."

आईने हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे अठरा जणांना पोटभर वाढायचं आणि सहा जणांनी समोर बसून बघायचं?"

"आई, ती झाडं आहेत."

"झाडं आहेत म्हणूनच म्हणते. माणसं असती तर उठून गेली असती."

"अहो, पण तीच सहा का?" बायकोने विचारलं. "कडेला, कुंपणापाशी आहेत म्हणून?"

"चिठ्ठ्या टाकून ठरवलंय."

"टाकल्या कुणी?"

"मी."

"उचलल्या कुणी?"

"मीच."

"मग बरोबर आहे," बायको म्हणाली. ती पाच भावंडांतली मधली होती. कुणाच्या ताटात काय पडलं नाही, हे तिला लांबूनच दिसायचं.

बीकरांनी सगळ्यांना नीट समजावलं, की चौथ्या ओळीला चिमूटभर जरी काही पडलं तरी आठ महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल. "तेव्हा चौथ्या ओळीला कुणीही, काहीही घालायचं नाही. कबूल?"

आई कबूल म्हणाली. बायको कबूल म्हणाली. सूनबाईही मान हलवून मोकळी झाली. बीकरांना खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. या घरात पंखा किती जोरात ठेवायचा, हेदेखील आजवर एकमताने ठरलेलं नव्हतं.

पहिल्या ओळीचं गांडूळखत मेव्हण्याकडून आलं. मेव्हणा दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि सिमेंटच्या अकरा टाक्यांमध्ये गांडुळं पाळायचा. पहिली ओळ जिंकली तर चाळीस बागांचं खत त्याच्याकडून जाणार, हे त्याने टाक्यांच्या कडेला बसून केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"दाजी, पहिली ओळ बघाच तुम्ही. झाड ओळखू येणार नाही."

"मापात घालायचं. झाडामागे दहा किलो, एक ग्रॅम जास्त नाही."

"मापातच हो," असं म्हणून मेव्हणा दर आठवड्याला देखरेखीला यायचा, आणि देखरेख करताना त्याची पिशवी हलकी होऊन जायची.

दोन महिन्यांत झाडं सांगितल्यासारखी वागेनाशी झाली. पहिली ओळ अशी फोफावली की पानं तळहातापेक्षा मोठी. पण फुलं शोधायला भिंग लागावं. जास्तीच्या खताने तिला नुसतं वाढायचं सुचत होतं, फळायचं नाही. दुसऱ्या ओळीत राख जरा सढळ हाताने पडली होती. तिची पानं पिवळी होऊन ती आजारी माणसासारखी उभी होती. तिसऱ्या ओळीतल्या हाडांच्या चुऱ्याचा वास शेजारच्या कुत्र्याला लागला. त्याने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ येऊन मुळांपर्यंत खोदकाम केलं आणि हाती हाड न लागल्याने शेवटी चिडून बीकरांची चप्पल नेली.

चौथ्या ओळीला मात्र काहीच झालं नव्हतं. म्हणजे वाईट असं काही. गर्द हिरवी पानं, फुलांनी भरलेल्या फांद्या, आणि पुढे प्रत्येक फुलामागे एक फळ, तेही गळायचं नाव न काढणारं.

अध्यक्ष महिन्यातून एकदा पाहणीला यायचे. त्यांची स्वतःची रोपवाटिका होती. त्यामुळे झाडासमोर उभं राहून 'हं' म्हणायचा त्यांना हक्कच होता.

"हं. ही कुठली ओळ, बीकरसाहेब?"

"ही आपली... तुलनेची."

"हिला काय घालता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"पाणी."

"हं," म्हणून अध्यक्षांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

बीकर अस्वस्थ झाले. तिसऱ्या ओळीतलं खत झिरपून चौथीला जात असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि दोन्हींच्या मध्ये गुडघाभर खोल चर खणला. तीन दिवस कंबर धरून खणला. चरातली माती कुठेतरी टाकायला हवी होती. खत घातलेल्या ओळींवर टाकली असती तर मोजमाप बिघडलं असतं. तेव्हा ती त्यांनी पलीकडे ढकलली आणि वहीत नोंद केली. त्यांच्या वहीत सगळ्याची नोंद असायची. चप्पलसुद्धा होती.

चर खणूनही चौथी ओळ खालावली नाही. उलट चार दिवसांत अधिकच टवटवीत झाली.

फळं उतरवण्याच्या दिवशी अध्यक्ष सहा सभासद आणि एक वजनकाटा घेऊन आले. गोडी मोजायचं यंत्र बीकरांनी शाळेतून मागून आणलं होतं. पहिल्या ओळीची फळं मोजून एकाहत्तर, चवीला काकडीसारखी. दुसरीची त्याहून थोडी बरी. तिसरीचं कुणी बोलू नये. चौथ्या ओळीच्या सहा झाडांची सातशे बारा फळं निघाली. एकेक पाव किलोच्या आसपास, आतून रवाळ, बिया चिमूटभरसुद्धा नाहीत. एका सभासदाने यंत्राची वाट न बघता फळ दातानेच तपासलं, आणि तपासणी पुरी व्हावी म्हणून आणखी दोन तपासली.

अध्यक्ष उठून उभे राहिले. "मंडळी, निकाल स्पष्ट आहे. इतकी वर्षं आपण मातीला उगाच छळत होतो. काहीही घालायचं नाही! बीकरसाहेब, गुरुवारच्या सभेत ठराव आणि तिथेच तुमची नेमणूक."

बीकरांना आधी धक्का बसला आणि मग आनंद झाला. मोठे शोध असेच अनपेक्षित लागतात, हे त्यांनी एकतीस वर्षं दारामागून ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांचा सिद्धान्त तयार झाला: झाडाला उपाशी ठेवलं की ते चिवट होतं, स्वतः शोधून खातं. बुधवारी सकाळी त्यांनी हा सिद्धान्त घरालाही लावला आणि चहातली साखर बंद करायला सांगितली. आईने त्यांच्या एकट्याच्या चहातली बंद केली.

बुधवारी दुपारी मेव्हणा आला. तोंड उतरलेलं. आल्या आल्या ओट्यावरचं पाणी घटाघट प्यायला.

"दाजी, उद्याचा तो ठराव थांबवा."

"का? तुझी ओळ हरली म्हणून?"

"अकरा टाक्या आहेत माझ्या. 'काही घालायचं नाही' म्हटल्यावर त्या गांडुळांना मी काय सांगू?"

"निकाल तो निकाल. विज्ञानात नातं नसतं."

"असतं हो!" मेव्हणा कळवळून म्हणाला. "चौथ्या ओळीत दोन पोती मी घातली आहेत."

बीकरांनी बिनसाखरेचा चहा खाली ठेवला. "तू? तुला तर पहिली ओळ जिंकवायची होती!"

"जिंकवायचीच होती. पण चौथी अगदी वाळून काडी झाली असती, तर लोक म्हणाले असते, मेव्हण्याने मुद्दाम मारली. जिंकताना समोरचा जरा धडधाकट दिसावा, म्हणून थोडं बळ दिलं तिला."

"दोन पोती म्हणजे थोडं?"

"मला काय माहीत ती इतकी मनावर घेईल!"

आवाज ऐकून बायको आली. झालं काय ते कळल्यावर भावाला झापण्याऐवजी ती पदराशी चाळा करत उभी राहिली. बीकरांनी तिच्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांच्या संसारात पदराशी चाळा कधी होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"तूसुद्धा?"

"मी खत कुठे घातलं? भाजीची सालं नुसती पुरली. अंड्यांची टरफलं. चहाचा चोथा. खत म्हणजे पोत्यातलं, असं तुम्हीच म्हणाला होता."

"किती दिवस?"

"सालं काय, रोजच निघतात."

एवढ्यात सूनबाई कामावरून परतली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, आणि कुणाचा चेहरा कळवळलेला दिसला की बाजूला उभं राहायची तिला सवय होती. पण या वेळी चेहरे तीन होते आणि तिघेही तिच्याचकडे बघत होते.

"बाबा, मी खरंच काही घातलं नाही," ती म्हणाली. "मी फक्त फिशटँकचं पाणी ओतायचे. रविवारी. दोन बादल्या."

"माशांचं पाणी? चौथ्या ओळीला?"

"मग कुठे ओतणार? बाकीच्या ओळींत ओतलं असतं तर तुमचा हिशोब बिघडला असता. चौथ्या ओळीत काही नव्हतंच, मग तिथे बिघडणार काय?"

या वाक्यात चूक आहे हे बीकरांना कळत होतं, पण ती नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येईना.

राहिली आई. आई खिडकीपाशी शेंगा सोलत होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. हे तिला सोयीनुसार व्हायचं.

"आई!"

"तांदूळ धुतलेलं पाणी," आई वर न बघता म्हणाली. "नासलेलं दूध, असेल तेव्हा. डॉक्टरने सांगितलंय ना, रोज सकाळी बागेच्या टोकापर्यंत चालायचं. टोकाला तीच सहा. रोज समोर जाऊन उभं राहायचं, तर रिकाम्या हाताने कसं जाणार?"

बीकर वही घेऊन बसले. दोन पोती, दोनशे चाळीस दिवसांची सालं, सत्तरेक बादल्या माशांचं पाणी, तांदळाचं पाणी वेगळंच. बेरीज करून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. प्रयोगातल्या चार ओळींपैकी सर्वांत जास्त खाल्लं होतं, ते काहीही न दिलेल्या ओळीने.

आता प्रश्न असा होता, की गप्प बसलं तर पाटी मिळत होती. घरातल्या कुणीही बाहेर तोंड उघडलं नसतं. मेव्हण्यालाही दुसरीकडे गिऱ्हाईक बघता आलं असतं. पण चाळीस सभासदांनी चाळीस बागा वर्षभर उपाशी ठेवल्या असत्या, आणि पुढच्या वर्षी लिंबाएवढे पेरू घेऊन सगळे याच दारात उभे राहिले असते. बीकरांनी त्या दुपारी चार वेळा बागेत जाऊन चौथ्या ओळीकडे बघितलं. पाचव्या वेळी आत येऊन त्यांनी अहवाल नव्याने लिहायला घेतला.

गुरुवारी सभेला आईही निघाली. "इतके दिवस त्या झाडांशी बोलतेय. निकाल मला ऐकायचाय," ती म्हणाली. संघाच्या खोलीत तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. दारावरच्या पाटीसाठी चार खिळे आधीच ठोकून ठेवलेले होते. ते न बघता बीकर आत गेले.

त्यांनी अहवाल उभ्याने वाचला. पोती, सालं, टरफलं, मासे, तांदूळ, दूध, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "प्रयोग फसला, याला जबाबदार माझ्या घरची माणसं. त्यांना साधी एक गोष्ट न करणं जमलं नाही. मी माझं नाव मागे घेतो."

मेव्हणा छताकडे बघत होता. अध्यक्षांनी हात पुढे करून वही मागून घेतली, चष्मा लावला आणि सावकाश पानं उलटत गेले.

"बीकरसाहेब, हा 'शेरा' म्हणून रकाना आहे. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"'ओळ एक ते तीन झाडून स्वच्छ केल्या. पाला ओळ चारकडे लोटला.' ही आठ तारखेची नोंद. पंधरालाही तीच, बावीसलाही तीच. एकूण..." त्यांनी बोटाने मोजलं, "एकतीस वेळा. आठ महिन्यांचा पाला चौथ्या ओळीच्या बुंध्याशी. आणि हे बघा, 'चर खणला. माती ओळ चारवर.' चांगली वरची माती दिसते."

"खतावर पाला पडला असता तर प्रयोग अशुद्ध झाला असता," बीकर म्हणाले. "तिथे... तिथे काही नव्हतं ना."

"असंच तर मी म्हणत होते," सून दारातून हळूच म्हणाली. ती दवाखान्यातून थेट तिथे आली होती.

हसू कुठून सुरू झालं ते कळलं नाही, पण खोलीभर पसरलं. ते ओसरल्यावर मागच्या बाकावरून एक सभासद उठला. चांगला साठीचा, रांगडा गडी.

"हसायचं नंतर. फळ मी खाल्लंय. तसलं फळ मला माझ्या बागेत पाहिजे. हे सगळं किती, कधी आणि कशानंतर काय घालायचं, ते सांगा."

सगळे बीकरांकडे वळले. बीकरांनी वही चाळली. चौथ्या ओळीत काय काय पडलं, ते आता त्यांना माहीत होतं. कशानंतर काय पडलं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"रविवारी माशांचं पाणी आलं, की सोमवारी, मंगळवारी मी काही घालायची नाही," खिडकीजवळून आई म्हणाली. "मुळं कुजतात. सालं बुंध्याजवळ नाही पुरायची. याच्या बायकोने पुरली होती, मी काठीने उकरून लांब सरकवली, फांदीची सावली जिथवर पडते तिथवर. पाला आला की त्यावर पाणी शिंपडायचं, म्हणजे उडत नाही. फुलं धरली की दूध बंद, मुंग्या येतात."

"आणि पोती, मावशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"हा तीन घेऊन आला होता. तिसरं मी परत पाठवलं. पहिल्या ओळीचं जास्तीचं खाऊन काय झालं, ते बघत होते ना मी."

मेव्हण्याने मान खाली घातली. बीकरांनी आईकडे बघितलं. कोण कधी येतं, काय टाकून जातं आणि त्याने कुठल्या झाडाचं काय होतं, हे सगळं आठ महिने रोज सकाळी बघणारं एकच माणूस त्या बागेत होतं. आणि ते घरी आलं की 'गुडघा दुखतो' यापलीकडे काही बोलत नव्हतं.

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालास, घालायचं नाही. बघायचं नाही, असं कुठे म्हणालास?"

पुढचं फार लवकर झालं. रांगड्या सभासदाने सूचना मांडली, तिघांनी एकदमच अनुमोदन दिलं, हात वर गेले. हात वर करणाऱ्यांत पहिला, सभासद नसलेल्या मेव्हण्याचा होता, कारण नव्या ठरावात पोत्यांना जागा होती. माती सल्लागार म्हणून आईची एकमताने निवड झाली. तिने पदराने चष्मा पुसला आणि दोन अटी घातल्या. खुर्ची पाठीला नीट टेकेल अशी हवी, आणि सांगितलेलं लिहून घ्यायला माणूस हवा, कारण आता तिला बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"माणूस कोण देऊ, मावशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"तो काय, उभाच आहे. अक्षर चांगलं आहे त्याचं, आणि एक शब्द गाळत नाही."

लोकांनी खुर्च्या ओढून खिडकीपाशी अर्धगोल केला. एक स्टूल उचलून बीकरांनी आईच्या उजव्या बाजूला ठेवलं, वहीचं कोरं पान काढलं आणि वर तारीख घातली.

"हं, बोला," आई समोरच्याला म्हणाली. "तुमच्या घरात माणसं किती, आणि त्यांतली सांगितलेलं न ऐकणारी किती?"

"सहा," सभासद म्हणाला. "एकही ऐकत नाही."

"मग काळजी नको," आई म्हणाली. "लिही रे."